गप्पांच्या जागी मेखा : पेठांतल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कोणत्याही पदावर नसताना सगळं ठरवणारे ज्येष्ठ सभासद,

सप्रेम नमस्कार.

मी सदाशिव पेठेत ४१ वर्षं राहते आहे. आधी वाड्यात, आणि वाडा पाडून इमारत झाल्यापासून त्याच जागेवर, दुसऱ्या मजल्यावर. नोकरी छापखान्यात केली, मुद्रितं तपासायची. जन्मभर लोकांच्या 'केलं'चं 'केले' करत आले. आज पत्र माझं आहे, तेव्हा जसं बोलते तसंच लिहिते.

विषय एका कठड्याचा आहे. आमच्या इमारतीच्या पुढच्या अंगाला, रस्त्याला लागून, अठरा फूट लांब आणि दीड फूट रुंद. उंची गुडघ्याएवढी, म्हणजे बसायला अगदी बेताची. मागच्या वर्षी मार्चअखेरीला आपण त्याच्यावर लोखंडी पट्टी टाकून टोकदार खिळे बसवून घेतले. वितीवर एक असे चोवीस. 'आपण' म्हणते, कारण सभेत ज्यांनी हात वर केले त्यांत माझाही होता. एवढंच नाही. 'येथे बसू नये' ही पाटी रंगवून आली तेव्हा पेंटरने 'बसु' लिहिलं होतं. तो उकार दीर्घ करून घेणारीही मीच. बसायचंच नाही, तर ते ऱ्हस्व की दीर्घ याने काय फरक पडतो, असं तेव्हा मनात आलं नाही.

सोसायटीचं नाव घालत नाही. शनिपारापासून टिळक रस्त्यापर्यंत चालत गेलात तर असे कठडे तुम्हाला बरेच भेटतील. कुठे खिळे, कुठे काचा, कुठे तिरप्या बसवलेल्या फरश्या, म्हणजे माणूस बसला की घसरावा. ज्याला आपलं वाटेल त्याने आपलं समजावं.

ते खिळे आता काढावेत, हे मला सुचलं कसं, ते सांगते. आमच्याकडे दोन वर्षं एक इराणी मुलगी राहत होती. तेहरानची. इथल्या एका महाविद्यालयात भूगोलात एम. ए. करायला आली होती. नाव लिहीत नाही, तिनेच नको म्हटलं. मुलगा नोकरीला बाहेर गेल्यापासून आतली खोली रिकामी होती, ती तिला दिली. इराणी विद्यार्थी पुण्याला नवे नाहीत, पण आमच्या गल्लीला 'इराणी' म्हटलं की बन-मस्काच आठवतो. खालच्या मजल्यावरच्या काकांनी पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं, "तुमचं हॉटेल कॅम्पात कुठेशी?"

परदेशी माणूस आला की तो आपल्या ट्रॅफिकला घाबरणार, अशी आपली एक लाडकी समजूत आहे. हिला त्याचं काहीच वाटलं नाही. तेहरानमध्येही रस्ता असाच ओलांडतात म्हणाली, गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघत बघत. "पण काकू, इथे डोळेच दिसत नाहीत." स्कूटीवरच्या मुलींबद्दल बोलत होती. स्कार्फ कपाळापासून हनुवटीपर्यंत गुंडाळलेला, त्यावर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. तिच्या देशात डोक्यावरचा कपडा कायद्याने सक्तीचा, आणि इथे पोरी आपण होऊन त्याच्यापेक्षा जास्त झाकून निघालेल्या. तिला वाटलं, काही धार्मिक असेल. ऊन आणि धूळ, एवढंच कारण आहे म्हटल्यावर बराच वेळ हसत होती. मग मी तिला २०१९ च्या जानेवारीतली हेल्मेटसक्ती आणि तिच्याविरुद्धची आंदोलनं सांगितली. तोंड, नाक, कान सगळं झाकायला तयार असलेल्या शहराला टाळकं झाकायला सांगितलं की ते रस्त्यावर उतरतं, हे तिच्या वहीत गेलं. 'सक्ती' शब्द मात्र तिला समजावावा लागला नाही. फारसीत 'सख्त' म्हणजे कठीण.

देवनागरी तिने तीन आठवड्यांत उचलली. त्यानंतर हा खेळच सुरू झाला. गल्लीतल्या पाट्या वाचायची आणि मला म्हणायची, "काकू, हे आमचं." फाटकावरची 'येथे वाहन लावण्यास सक्त मनाई आहे, हवा सोडण्यात येईल, हुकुमावरून' ही पाटी तिने जवळजवळ अख्खी लावली. सक्त तिकडची, मनाई तिकडची, हवा तिकडची, हुकूम तर आहेच. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारात घुसलेल्या फारसी शब्दांना पर्याय द्यायला. त्याला साडेतीनशे वर्षं होत आली. तरी दम द्यायची वेळ आली की पुणेकराच्या तोंडी फारसीच येते. ('दम'सुद्धा तिकडचाच. तिकडे त्याचा अर्थ श्वास.) 'तुळशीबाग' वाचून ती बाग बघायला गेली आणि चिमटे, गाळणी आणि कानातल्यांचे चार जोड घेऊन परत आली. 'रस्ता' या शब्दावर तिने मला बाजारातलं एक चित्र दाखवलं. त्यांच्याकडे 'रास्ते' म्हणजे बाजारातली दुकानांची ओळ. म्हणजे मुळात रस्ता गाड्यांचा नव्हेच, रांगेत बसलेल्या माणसांचा. आणि भाजीवाल्या मावशी एकदा हप्ता द्यावा लागतो म्हणून कुरकुरत होत्या, तेव्हा ही मला म्हणाली, "हफ्ते म्हणजे आठवडा ना? मग आठवडा कुणाला देतात?" मी म्हटलं, ते ज्याने त्याने समजून घ्यायचं असतं.

याच्या उलट बाजूला आपले नवे, घडवलेले शब्द. पदपथ, पादचारी, पथविक्रेता. यांतला एकही तिला ओळखू येईना. मीच सांगत बसले. २०१६ साली आपल्या महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा, देशभराचा. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन असतो आणि लक्ष्मी रस्त्याच्या एका टप्प्यात गाड्या बंद करतात. ती तो दिवस बघून आली आणि म्हणाली, गंमत झाली. रस्ता पूर्ण मोकळा, मध्ये सतरंज्या, खेळ, गाणी. तरीही बरीचशी माणसं सवयीने दुकानांच्या कडेकडेनेच चालत होती, एकामागे एक, खांदा चोरून, आणि मधून मधून मागे वळून बघत होती.

तिच्या प्रोजेक्टचा विषय होता, रस्त्यावर माणसं थांबतात कुठे. जातात कुठे, हे सगळेच मोजतात, सिग्नलला कॅमेरे लावून मोजतात. थांबतात कुठे, बसतात कशावर, हे तिला पाहायचं होतं. एक शाईने डागाळलेली लांबट वही होती तिची, किराणा दुकानात असते तसली. चार रकाने आखलेले : वेळ, कोण, किती वेळ, आणि शेवटचा, 'उठवलं कोणी'. तो शेवटचा रकाना बघून मी पहिल्यांदा दचकले. मुद्रितशोधकाला समासातली खूण आधी दिसते.

आमचा कठडा तिने तीन आठवडे टिपला. माझ्या खिडकीतूनच. इमारत झाल्यापासून मी त्याच खिडकीत तांदूळ निवडत होते आणि त्यातलं अर्धंही मला माहीत नव्हतं.

पहाटे पावणेपाचला पेपरवाला. पुरवण्या आत घालायला त्याला टेकायला जागा लागते. सात वाजता 'स्वच्छ'च्या ताई. या कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, २००८ पासून ती शहराचा कचरा दारोदार गोळा करते. आमच्या ताई चार जिने चढून-उतरून झाल्या की कठड्यावर बसून पाण्याची बाटली अर्धी करायच्या. वहीत लिहिलंय : सहा मिनिटं. मंगळवारी फुलवाली मावशी, दूर्वांच्या जुड्या बांधत, अकरापर्यंत. दहाच्या सुमाराला एक निवृत्त पोस्टमन. त्यांचं घर पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली उतरले की आधी इथे बसायचे आणि परत चढायच्या आधी इथे. एक ते चार आपलं पुणं झोपतं, तेव्हा घरपोच जेवण पोहोचवणारा एक पोरगा पाठीवरची ती चौकोनी पिशवी उशाला घेऊन आडवा व्हायचा. 'उठवलं कोणी' : वॉचमन. 'उठवलं कोणी' : तळमजल्याचे काका. 'उठवलं कोणी' : काकू. ती काकू मीच. मला आठवतही नाही. म्हटलं असेन काहीतरी खिडकीतून.

आणि संध्याकाळी सातनंतर पोरं. खिळे ज्यांच्यासाठी आले ती. सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत ही पोरं किती आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. अर्ध्या इमारती त्यांच्या भाड्यावर चालतात. बीड, परभणी, लातूर, नांदेड, तिकडे धुळे, नंदुरबार. एमपीएससी करायला आलेली. राहतात 'कॉट बेसिस'वर, म्हणजे सहा बाय अडीचची खाट आणि तिच्याखाली ट्रंक, एवढ्याचंच भाडं. दिवसभर अभ्यासिकेत, जिथे श्वासही हळू घ्यायचा. जेवण मेसमध्ये, जिथे मागचा उभा असतो म्हणून पुढच्याने भराभर उठायचं. आता सांगा, या पोराने दिवसात एकदा मोठ्याने बोलायचं तर कुठे? ती म्हणाली होती, "काकू, यांच्याकडे झोपायला जागा आहे, वाचायला आहे, खायला आहे. बसायला नाही."

तिचं मराठी इथे घडलं, हे मी कौतुकाने सांगते आणि थोड्या शरमेनेही. माझ्यासारखी मुद्रितशोधक घरात असताना पोरगी मराठी शिकली ती कठड्यावर, कोपऱ्यावरच्या अमृततुल्यचा चहा हातात धरून. खडीसाखरेचा खडा दातात धरायची आणि त्यावरून चहा प्यायची, त्यांच्याकडे 'कंद' अशीच चघळतात. (हा शब्द मात्र इकडून गेलाय, संस्कृत 'खंड'. मी लगेच ऐकवलं. एवढं चालायचंच.) तिला वाक्यं यायला लागली ती अशी : "काय करायलाव काकू?" सदाशिव पेठेत, माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, तेहरानची मुलगी, परभणीच्या मराठीत. शेजारच्या वहिनींनी तिला 'काय करताय' असं म्हणायचं, म्हणून सुधारलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "काय करायलाव."

त्याच सुमाराची गोष्ट. एक पोरगं दुसऱ्याला फोनवर सांगत होतं, "काही नाही रे, गप्पा मारायलोय." ती धावत वर आली. "काकू, गप मारणं! आमच्याकडे पण गप मारतातच!" फारसीत म्हणे 'गप ज़दन'. गप म्हणजे गप्पा, आणि ज़दन म्हणजे मारणं, ठोकणं, तडाखा देणं. शब्द तिकडून आला हे मी मोल्सवर्थच्या कोशात वाचलं होतं. पण नुसता शब्द आला नाही, क्रियापदाचा हातही तसाच आला, हे माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. गप्पा करत नाहीत, बोलत नाहीत, मारतात. दोन्हीकडे मारतात. त्या रात्री मला उगीचच फार आनंद झाला होता, कुठला तरी जुना खिळा सापडल्यासारखा.

मग मार्च आला.

पोरांचा त्रास नव्हता असं मी मुळीच म्हणणार नाही. रात्री दीडला बुलेट सुरू व्हायची. वाढदिवसाचा केक कापून तो कठड्याला फासून जायचे. कागदी कप, थोटकं, पुड्या. चौथ्या मजल्यावर आजारी माणूस होतं. एकदा खाली जाऊन मीच त्यांना म्हटलं, अरे तुमच्या आया ऐकतात का हे शब्द? गप्प बसले, दोन दिवस. तेव्हा सभेत विषय निघाला, वेल्डरचा आकडा आला, कुणीतरी 'मार्चच्या आत बसवून घेऊ' म्हणालं आणि पाच मिनिटांत ठराव झाला. केकवाली पोरं चार होती. खिळे चोवीस आले आणि बसले पेपरवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या जागेवर. केकवाली चार पुढच्या इमारतीच्या कठड्यावर गेली. बुलेट तिथून सुरू होते, मला अजून ऐकू येते.

खिळे बसले त्या संध्याकाळी ती खाली उभी राहून एका खिळ्यावर बोट फिरवत होती. वर आली तेव्हा म्हणाली, "मीख." मला वाटलं, शिंकली. मग लागलं. मेख! 'इथेच तर खरी मेख आहे' म्हणतो आपण, ती मेख. तिकडे मीख म्हणजे साधा खिळा. दोन शब्द एकाच गावाहून आलेले, दोन्ही आपण मारतो. गप्पा मारायच्या जागी आम्ही मेखा मारल्या. हे वाक्य माझं आहे, तिचं नाही. तिला मराठीत कोटी करण्याइतकी खोड अजून लागली नव्हती.

तिने प्रोजेक्टसाठी तोच कठडा पुन्हा टिपला. पंधरा दिवस. पानं जवळजवळ कोरी. 'कोण' या रकान्यात एकच नोंद वारंवार : कबूतर. खिळ्यांच्या मधोमध त्याला आडोसा मिळाला, त्याने काड्या आणल्या. कबूतरही फारसीच, असं तिने समासात लिहून ठेवलंय. 'उठवलं कोणी' : कोणी नाही.

पोस्टमन काका आता खाली उतरतच नाहीत. सामान वर मागवतात. 'स्वच्छ'च्या ताई बाटली उभ्यानेच पितात, आणि मला खिडकीत बघितलं की नजर दुसरीकडे वळवतात.

त्यानंतरची पालखी सांगते आणि मग मुद्द्यावर येते. दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री असतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या. दिंड्या मात्र सगळ्या पेठांमध्ये उतरतात, शाळांत, मंगल कार्यालयांत, जिथे सोय होईल तिथे. आमच्या गल्लीत संध्याकाळी बायकांचा एक घोळका आला. एक म्हातारी कठड्यापाशी थांबली. खिळे बघितले, हाताने चाचपले. मला खिडकीत लाज वाटायला लागली होती, तोवर तिने खांद्यावरची पिशवी काढून एका खिळ्याला अडकवली. "बरं केलं, टांगायला झालं." बाकीच्याही बायकांनी पिशव्या अडकवल्या. पाण्याच्या बाटल्या, चपलांची जोडी, एक ओलं लुगडं. मग सगळ्या जणी खाली डांबरावर पाय पसरून बसल्या.

ही पोरगी चहाची किटली घेऊन खाली गेली. म्हातारीने कप घेता घेता विचारलं, "कोण्या गावची गं माय तू?"

"तेहरान."

"कोणत्या तालुक्यात आलं ते?"

"लांब आहे आजी. दरसाली एवढं चालायलाव तुम्ही?"

म्हातारीने तिच्याकडे नीट बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, "आपल्याकडचीच दिसती."

तर आता मुद्दा.

आपली पेठ १७६९ ची. माधवराव पेशव्यांनी पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने वसवलेली. तिच्यात वाडे होते आणि वाड्याला ओटा होता. ओटा कुणाचा, हे कुणी विचारत नसे. मालकी वाड्याची आणि बूड ज्याचं त्याचं. आमच्या वाड्याच्या ओट्यावर कल्हईवाला भाता लावायचा, बोहारीण भांडी मांडायची, वासुदेव टेकायचा. दुपारी आम्ही सुना तिथेच शेंगा सोलत बसायचो आणि गल्लीतल्या बातम्या छापखान्याआधी आम्हाला कळायच्या. दार रस्त्याला जिथे मिळतं तिथे घराने थोडी जागा बाहेर सोडायची, ही रीत होती. रस्ता त्या जागेवर येऊन बसायचा.

तिला मी एकदा विश्रामबागवाड्याला नेलं. बाजीराव रस्त्यावर ती दर्शनी बाजू आहे ना, लाकडी कोरीव खांबांची, तिथे ती थबकली. त्या खांबांना आपण सुरूचे खांब म्हणतो. तिने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "सर्व." त्यांच्याकडे सुरूच्या झाडाला 'सर्व' म्हणतात, कवितेत प्रेयसीच्या बांध्याला तीच उपमा. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, आणि खांब शिराजच्या बागेतले. गर्दीचा रस्ता, बसचा धूर, आणि ही मुलगी आपल्या झाडाखाली उभी असल्यासारखी उभी. मग म्हणाली, "तुमच्या जुन्या घरांत पुढे झाडं आहेत, लाकडाची. नव्या घरांत तळमजल्यावर गाड्या राहतात, आणि माणसं त्यांच्या डोक्यावर."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याही इमारतीत ओट्याच्या जागी पार्किंग आलं. नियमच तसे होते, मला मान्य आहे. पण पार्किंग होऊनही स्कूटरी बाहेर फुटपाथवर का, हे कोणता नियम सांगतो? आत काढायला लागते, वळवायला लागते, म्हणून बाहेर. फुटपाथवर गाडी, कठड्यावर खिळे, मग माणूस मधल्या पट्टीत, जिथून बस जाते.

तिने एक गोष्ट विचारली होती, ती तुमच्यापुढे ठेवते. आपल्या देवांची नावं तिला फार आवडली होती. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा. शेजारी जिलबीचं दुकान होतं म्हणून मारुती जिलब्या. समोर पासोड्या विकायला बसायचे म्हणून विठोबा पासोड्या. "म्हणजे काकू, दारात बसलेल्या माणसाचं नाव तुम्ही देवाला दिलं. आणि आता दारात कुणी बसलं तर उठवता?" मी म्हटलं, देवाच्या आणि सोसायटीच्या दारात फरक असतो. बोलून तर गेले.

मला काय हवंय, ते साधं आहे. खिळे काढा. सगळ्यांना एकदम जमणार नसेल तर निम्म्या लांबीचे काढा. पाटी ठेवायचीच असेल तर तिच्यावर वेळ लिहा, रात्री दहानंतर बसू नये. त्याला माझी हरकत नाही, मी स्वतः खिडकीतून ओरडेन. थोटकांसाठी एक डबा ठेवा. 'स्वच्छ'च्या ताई तो उचलतील, त्यांना आधी विचारा मात्र. आणि ज्यांच्या वाड्यांचं अजून विकसकाशी बोलणं चालू आहे त्यांनी नकाशावर सही करण्याआधी बघा, पुढच्या बाजूला दीड फुटाचा ओटा कुठे बसतो का. चटईक्षेत्र, पार्किंग, लिफ्ट, टेरेसचे हक्क, सगळ्यावर भांडता. दीड फुटावर एकदा भांडून बघा.

पोरांचं काय, म्हणाल. पोरांशी बोला. ती केकवाली चार सोडली तर बाकीची काकू-काका म्हणतात. त्यांच्या जाहिराती निघत नाहीत, निघाल्या तर परीक्षा पुढे जाते, वय निघून चाललंय, आणि गावी 'अजून एक वर्ष' असं सांगायचं त्यांच्या जिवावर येतं. हे सगळं मला वहीतून कळलं. इतकी वर्षं माझ्या खिडकीखाली ते मोठ्याने बोलत होते आणि मला फक्त आवाज ऐकू येत होता.

ती गेल्या ऑगस्टमध्ये परत गेली. अधूनमधून फोनवर निरोप असतो, देवनागरीत, माझ्यापेक्षा शुद्ध. ती वही तिने मला देऊन टाकली. तिची पक्की प्रत कॉलेजात गेली, ही कच्ची. कुणाला बघायची असेल तर घरी या. बाहेर बसून दाखवली असती, पण जागा नाही.

आमची वार्षिक सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. आयत्या वेळच्या विषयांत मी ठराव मांडणार आहे. अनुमोदनाला कुणी नाही मिळालं तरी मांडणार आहे.

आपली,
एक सभासद, दुसरा मजला

ता. क. ('ताजा कलम', हेही तिकडचंच : ताज़े आणि क़लम.) वेल्डरला विचारून ठेवलंय. पट्टी कापून कठडा घासून देण्याचे तो साडेनऊशे मागतो, कबुतराचं घरटं हलवायचे वेगळे. ते रिकामं झालंय, मी पाहिलंय. साडेनऊशे मी देते. कापलेल्या पट्टीचा एक तुकडा, चार खिळ्यांचा, आमच्या जिन्याच्या दारामागे लावावा असं सुचवते. पालखीच्या वेळी पिशव्या टांगायला होईल.